देवळात मिटलेली तक्रार

निवृत्तीनंतर माझ्याकडे विभागीय चौकशीची काही प्रकरणे सोपवण्यात आली. काम सरळ असते. दोन्ही बाजू ऐकायच्या, पुरावा तोलायचा, निष्कर्ष लिहायचा आणि घरी जायचे. शिक्षा किती द्यायची ते दुसरे ठरवतात. त्यांपैकी एकच प्रकरण लिहून ठेवण्याजोगे वाटते.

तक्रारदार धामापूरच्या बाजूचा काजू बागायतदार होता. बागेच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी भांडण झाले, म्हणून त्याला पोलीस ठाण्यात बोलावले गेले. तेथे आपल्या उजव्या मनगटावर एका हवालदाराने काठी मारली, असे त्याचे म्हणणे होते. हाड मोडले होते. ते जुळले, पण बोटे पुन्हा पुरती मिटली नाहीत. नुकसानभरपाईसाठी त्याने दिवाणी दावाही लावला होता. मारताना पाहणारा तिसरा कोणी नव्हता. त्याच्या जबाबावाचून चौकशीत काही उरत नव्हते, आणि चौकशी फोल ठरली तर दावाही लंगडा पडणार होता.

जबाबाच्या दिवशी तो जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला आला. कागद धरायला बायको सोबत होती. हवालदार समोर बसला होता. बागायतदाराने कचेरीतल्या मराठीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला तो मालवणीवर आला.

"सायबानू, आमचा मिटला. तेणी देवळात नारळ ठेवल्यान, चूक कबूल केल्यान. आता माजो तेच्यार राग नाय."

मार खाल्ल्यावर त्याने गावच्या देवीपुढे हवालदाराच्या नावाने गाऱ्हाणे घातले होते, म्हणजे त्याला शासन करण्याचे देवीवर सोपवले होते. हवालदारही याच मुलखातला. वरिष्ठांच्या नोटिशीने तो डगमगला नव्हता. गाऱ्हाण्याची बातमी कानावर येताच मात्र तो देवळात हजर झाला. देवीसमोर सगळे सांगून त्याने गाऱ्हाणे मागे घेण्याची विनंती केली, आणि बागायतदाराने राग सोडल्याचा शब्द देवीला देऊन ते मागे घेतले.

"देवळात त्याने काय कबूल केले?" मी विचारले.

"मारलंय म्हणान सांगल्यान."

हवालदाराचे लेखी निवेदन माझ्यासमोर होते. मी ते वाचून दाखवले. तक्रारदार ओल्या पायरीवरून घसरला, काठी उगारलीच गेली नाही, असे त्यात होते. बागायतदाराने हवालदाराकडे पाहिले. हवालदार पंख्याकडे पाहत राहिला.

"ही रागाची चौकशी नाही," मी बागायतदाराला म्हणालो. "काय घडले ते सांगायचे असेल तर सांगा. नसेल तर तसे लिहून घेतो."

देवीसमोर सोडून दिलेली गोष्ट पुन्हा उचलणे त्याला जड जात होते. मग बायको बोलली. मध्ये बोलण्याचा तिला अधिकार नव्हता. मी तिला थांबवले नाही.

"अवो, घराकडे भात माझ्याकडसून कालवून घेतास आणि हंय येवन साधू झालास? देवाक सांगलास ता देवाकडे रवांदे. हाताचा हंयच सांगूक व्हया."

त्यानंतर त्याने जबाब दिला. आवाज न चढवता, काठी कोणत्या बाजूने आली ते हात पुढे करून दाखवत. सही डाव्या हाताने केली.

"उलटतपासणी घ्यायची आहे?" मी हवालदाराला विचारले.

"नाही, साहेब." मग तो म्हणाला, "देवीसमोर खोटं बोलवेना. इथे खरं बोललो तर नोकरी जाईल."

हे वाक्य नोंदवू का, असे मी विचारले. त्याने मान हलवून होकार दिला.

बाहेर पडताना बागायतदार दारात थांबला. "सायबानू, देवीक शब्द दिल्लंय तो मोडलंय काय मी?"

"त्याचा निकाल माझ्याकडे नाही," मी म्हणालो.

"चला, बस जायत," बायको म्हणाली.

देवळात घडलेले मी पुरावा म्हणून धरले नाही. खोलीत जे बोलले गेले ते आणि डॉक्टरचा दाखला एवढे पुरेसे होते. आरोप सिद्ध, असा निष्कर्ष मी लिहिला. शिक्षा काय झाली ते मला कळवले गेले नाही. जबाबाची प्रमाणित प्रत दाव्यात दाखल झाली, एवढे बागायतदाराच्या वकिलाकडून समजले. दावा अजून चालू आहे.