जड पाण्याची पूजा

खंडेनवमीला आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यात झाडूपासून बॉयलरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मी तेव्हा प्रयोगशाळेत नवीनच लागलेले. दिवाळीनंतर कायम करणार की नारळ देणार, ते ठरायचं होतं. घरी बाबा अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या पगारावर. अशात माझ्या डोक्यात काय यावं? तर जड पाण्याचीही पूजा करू!

जड पाणी दिसायला साधंच. अणुभट्टीत लागतं हे पुष्कळांना ठाऊक असतं. आम्ही त्यापासून औषध कंपन्यांना तपासणीसाठी लागणारी द्रावणं बनवायचो. त्यात चमचाभर साधं पाणी मिसळलं तरी तपासणीत खोटी खूण उमटते. हवेतला दमटपणासुद्धा बाधतो, म्हणून बाटली कुलपात. किल्ली मात्र खिळ्याला लटकलेली, आपला कारभार! मी बाटली काढली, पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं आणि साहेबांनी बोलावलं म्हणून खाली गेले.

परत येते तर बूच उघडं, आत झेंडूची पाकळी तरंगतेय.

"अगो बाय, देवापुढं झाकन लावून कोन ठेवतं?" प्रयोगशाळा झाडणाऱ्या, रोज माझ्या बाबांची चौकशी करणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या. "मीच उघडलं, जरा तीर्थ घातलं."

रागाने मी त्यांना नाही नाही ते बोलले. मग नमुना यंत्रात घातला. पडद्यावर रेघ सरकत होती. सपाट राहू दे रे देवा, सपाट राहू दे! आणि नको तिथेच ती सरळ वर चढली. सोमवारी माल जायचा होता, दुसरी बाटली यायला महिना लागणार होता.

साहेब आले. "कुलपातली बाटली बाहेर कोणी काढली?"

देवाशपथ सांगते, मी तोंड उघडलं होतं.

"मीच काढली साहेब," मावशी म्हणाल्या. "मॅडम नव्हत्या हितं."

मी तोंड मिटलं. मावशी कंत्राटावरच्या. उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी तिथंच सांगितलं. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "बाबांना जप गो."

दिवाळीनंतर मी कायम झाले. सगळ्यांना पेढे वाटले. मावशींचं घर कारखान्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मी अजून गेलेली नाही.