सिस्टरची पार्टनर

नगरच्या एका क्लबात राधाकृष्ण औटी टेनिसचा मार्कर होता. मेंबर मंडळींपैकी कुणाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं, नवशिक्यांना धडे द्यायचे आणि तुटलेल्या रॅकेटी विणून द्यायच्या, हे त्याचं काम. विजयमाला त्याची थोरली मुलगी. लहानपणी ती त्याचा डबा घेऊन क्लबात यायची आणि मेंबर घरी गेले की दिसेनासं होईपर्यंत त्याच्याशी खेळायची. वडिलांनी, तिच्या आबांनी, तिला शिकवलं ते मार्करचं टेनिस. समोरच्याला मारता येईल असाच चेंडू परत द्यायचा, डाव संपवायची घाई करायची नाही. साहेबाला रोज हरवलं तर मार्करची नोकरी कशी टिकायची?

एकोणिसावं सरलं तरी विजयमाला एकदाही स्पर्धेत उतरली नव्हती. उतरायचं असतं हे तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत क्लबात खुली स्पर्धा ठरली. रोख बक्षिसं होती, त्यामुळे खेळावरच पोट असलेली माणसं पुण्या-मुंबईहून येणार होती. दुष्काळाचं वर्ष. कोर्ट शेणामातीनं सारवायलाही पाणी नव्हतं. न्हाणीघराचं पाणी हौदात साठवून आबा कसंबसं कोर्ट शिंपत होते, तरी कडेकडेनं तडे राहिलेच.

अशात एका सकाळी सिस्टर मनकर्णा साळवे रॅकेट विणायला घेऊन आल्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स, वय चाळिशीच्या पुढे. दवाखान्याच्या आवारातल्या कोर्टावर जुन्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खेळायला शिकवलं होतं. महिला दुहेरीत त्यांनी नाव दिलं होतं. पण जोडीदार असलेल्या डॉक्टरीणबाईंची मिरजेला बदली झाली होती.

"राधाकृष्ण, तुमची विजू देता का मला पार्टनर म्हणून?"

आबांनी हातातली तार खाली ठेवली. "सिस्टर, ती मार्करची पोर हाय. मेंबर लोक काय म्हनतील?"

"बोर्डावर 'सर्वांसाठी खुली' असं लिहिलंय. मी नीट वाचलंय."

"आन् कापडं?"

"ते माझ्याकडे लागलं."

दोनच दिवसांत सिस्टरनी आपल्या जुन्या युनिफॉर्मचा पांढरा फ्रॉक बेतून आणला. विजयमालानं तो घातला तेव्हा आईनं तोंड फिरवलं, पण खालची दुमड उसवून तो चार बोटं लांब करून दिला. कॅनव्हासचे बूट खडू लावून पांढरे केले.

पहिला सामना नगरच्याच दोन प्राध्यापिकांशी होता, तो सहज निघाला. पुढचा मात्र पुण्याच्या जोडीशी. त्या दोघी गावोगावच्या स्पर्धा खेळून जगणाऱ्या, नजर पक्की झालेल्या. दोनचार चेंडूंतच त्यांनी ओळखलं की इथे कच्चा गडी कोणता. मग प्रत्येक चेंडू विजयमालावर यायला लागला. कधी पायाशी, कधी अंगावर, कधी नेमका तड्यावर. खुर्च्यांवर बसलेल्या मेंबरांपुढे तिचा हात जड झाला. पहिला सेट बघता बघता गेला.

बाजू बदलताना तिनं सिस्टरना हळूच म्हटलं, "सिस्टर, माझ्याकडचे चेंडूही तुम्हीच घ्या ना. मला नाही जमत."

सिस्टर रुमालानं मान पुसत होत्या. "घेईन की. मग तू कुठं उभी राहशील?"

विजयमाला रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत राहिली.

"तुझ्याकडे आलेला चेंडू तुझा. चुकला तर चुकला. मी इथंच आहे," एवढं म्हणून सिस्टर जाळ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

आणि खरंच, त्या सरकल्या नाहीत. पुढच्या गेममध्ये विजयमालाच्या हातून लागोपाठ दोन चेंडू जाळ्यात गेले, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते पाहून तिच्या छातीतलं ओझं उतरलं. तिनं आबांचं टेनिस खेळायला घेतलं. आलेला प्रत्येक चेंडू उंच, आभाळात चढवून परत. पुन्हा आला, पुन्हा परत. दुपारचं ऊन समोरच्या दोघींच्या डोळ्यांत होतं. वर बघून मारता मारता त्या चुकायला लागल्या, आणि घाईनं मारलेला चेंडू जाळ्याजवळ आला की सिस्टर तो शांतपणे संपवत. दुसरा सेट या दोघींनी घेतला.

तिसरा गेला. सिस्टरचे पाय थकले होते आणि पुण्याच्या बायका शेवटी कसलेल्या होत्या. हात मिळवताना त्यांच्यातली उंच बाई म्हणाली, "अशी चिवट पोरगी खूप दिवसांत भेटली नव्हती. कुणाकडे शिकलीस?"

"आबांकडे," विजयमालानं सांगितलं आणि कोर्टाच्या रोलरशेजारी उभ्या असलेल्या आबांकडे बोट केलं. ती बाई सरळ चालत गेली आणि तिनं आबांशीही हात मिळवला. क्लबात इतकी वर्षं काढली, पण मेंबरांसमोर कुणी त्यांचा हात हातात घेतल्याचं विजयमालाला आठवत नव्हतं. आबांनी आधी तो धोतराला पुसला.

पुढच्या वर्षी राहात्याच्या मुलींच्या शाळेत विजयमालाला खेळाच्या बाईंची जागा मिळाली. मुलाखतीत तिला त्या सामन्याबद्दलच जास्त विचारलं होतं. पेढे घेऊन ती थेट दवाखान्यात गेली. सिस्टर एका म्हातारीच्या पायाचं ड्रेसिंग बदलत होत्या.

"सिस्टर, तुम्ही त्या दिवशी माझे चेंडू घेतले असते ना..."

"आधी तो ट्रे धर," सिस्टर म्हणाल्या. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी हात धुतले, अर्धा पेढा म्हातारीच्या तोंडात घातला, उरलेला स्वतः खाल्ला. "मला पार्टनर हवी होती, विजू. मिळाली. आता राहात्याहून रविवारी येणारी एसटी कितीला पोचते ते सांग. कोर्ट साडेसातनंतर तापतं."

विजयमालाचे डोळे भरून आले होते. ट्रे अजून तिच्या हातातच होता, त्यामुळे ते पुसायचे राहून गेले.

"पहिल्या गाडीनं येते," ती म्हणाली.