आईची अट आणि मोटारीचं बूच

माझ्या लग्नात आईने एकच अट घातली होती. जावई समुद्रावर जाणार नाही. माझा बाप पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. मी तेव्हा इतकी लहान होते की त्याचा चेहरा मला आठवत नाही, त्याच्या अंगाला येणारा ओल्या जाळ्याचा वास तेवढा आठवतो. मागणी घालायला आलेली दोन घरं आईने वाटेला लावली. तिसरं घर अर्नाळ्याचं. मुलगा खाली मान घालून "नाय जानार" म्हणाला आणि दिलेल्या शब्दाला जागला. होडीतला आपला वाटा त्याने भावाला दिला आणि एक जुनी विलायती मोटार घेऊन आला.

मोटारीची मागची बैठक काढून त्याने तिथे फळ्या ठोकल्या. पहाटे मासळीच्या पाट्या आणि पाट्यांच्या मालकिणी घेऊन ती विरार स्टेशनला जायची. माझीही पाटी असायचीच, पण मी बसायचे पुढे, नवऱ्याच्या शेजारी. मागच्या बायका त्यावरून टोमणे मारायच्या. "राणी बसलीय पुढं, आपन बसू बोंबलांवर!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

ते दिवस आठवायला बसले की आधी धुकं आठवतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळीच्या वाड्या, त्यांची पानं धुक्यातून अर्धीच दिसायची. मधूनच एखादं बावखल, वाडीतलं लहान तळं, यायचं, त्याच्या पाण्यावर वाफ तरंगत असायची. बायकांची बडबड हळूहळू कमी व्हायची, एकेकीची मान कलायची, आणि मोटारीच्या घरघरीत मलाही गुंगी यायची. मग वाटायचं, आपण रस्त्यावर नाहीच, कुठेतरी संथ पाण्यावर आहोत आणि तरीही आपल्याला कसलीच भीती नाही. बाप गेल्यापासून अशी निर्धास्त झोप मला दुसरीकडे कुठे लागलेली नव्हती.

नवऱ्याने घरीच तेल बदललं तेव्हापासून मोटार दारात उभी असायची तिथे वाळूत एक काळा डाग पडायला लागला. उतरत्या उन्हात त्यावर निळे-जांभळे रंग फिरायचे आणि मी चहाची कपबशी हातात धरून ते बघत उभी राहायचे. इंजिनच्या पोटाखाली तेल साठवणारं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाला एक बोल्ट असतो. जुनं तेल काढायचं झालं की तो सोडायचा, नवं घालायच्या आधी परत बसवायचा. आमच्या घरात त्याला बूच म्हणायचे, कारण लहान होडीच्या बुडालाही असंच भोक असतं आणि त्यात लाकडाचं बूच ठोकलेलं असतं.

घोळ तिथेच झाला. होडी पावसाळाभर किनाऱ्यावर वाळलेली असते. पाण्यात घातली की पहिले काही दिवस गळते. कोळी त्याचा बाऊ करत नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं, भोक आपोआप बुजतं.

"अवो, तेल गळतंय," मी म्हटलं.

"गलू दे गो. चार दिस तेल पिल की बसल बराबर."

"लोखंड तेल पितंय व्हय?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाईला मोटारीतलं काय कळणार. चार दिवसांनी बूच काही बसलं नाही. मग त्याने सगळा जोर लावून ते आवळलं. वल्ही मारलेले हात ते, पाना वाकायचाच बाकी राहिला. तरी थेंब पडतच होते. शेवटी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत भरतात तसा त्याने बुचाच्या आट्यांवर कापूस गुंडाळला, वर राळ फासली आणि हात झटकून म्हणाला, "आता समुद्रात घातली तरी गलनार नाय." डाग खरंच थांबला.

पण इंजिन तापतं आणि तापलेली राळ वितळते. पुढच्याच आठवड्यात आगाशीच्या पुढे मोटारीतून खडखड ऐकू यायला लागली, नाकात जळका वास शिरला आणि मोटार रस्त्याच्या कडेला थांबली. मागे पाहिलं तर धुळीत तेलाची एक लांब काळी रेघ आमच्या मागोमाग आलेली. बायका खाली उतरल्या, पाट्या डोक्यावर घेतल्या आणि माझ्या नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत विरारच्या दिशेने चालू लागल्या. तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. मोटार गेली की हा पुन्हा समुद्रावर जाणार, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

बैल जोडून मोटार विरारला नेली. स्टेशनजवळच्या मिस्त्रीने खाली आडवं होऊन ते बूच काढलं आणि पोट धरून हसला. होडीच्या म्होरक्याला हाक मारावी तसा म्हणाला, "तांडेल, ही होडी नाय! इंजिन वाचलंय, नशीब समजा." मग त्याने बुचाच्या गळ्यातली तांब्याची चपटी कडी काढून दाखवली. तिला वॉशर म्हणतात. तांबं मऊ, आवळलं की ते दाबलं जाऊन फट बुजते, पण एकदा दबलेलं पुन्हा नीट दबत नाही. म्हणून तेल बदललं की वॉशर बदलायचा. बूच मात्र दर वेळी बदलायचं नसतं. आटे झिजले, डोक्याचे कोपरे गोल होऊन पाना निसटायला लागला, की नवं घालायचं. आमच्या बुचात दोन्ही लक्षणं दिसत होती, नको तेवढा जोर लावून आवळल्यामुळे. नवरा भिंतीकडे बघत होता. ऐकत होते ती मी.

नवं बूच मिळालं, पण वॉशर दर वेळी मुंबईहून कोण आणणार? मिस्त्रीने युक्ती सांगितली. जुना वॉशर निखाऱ्यात लाल करायचा आणि पाण्यात टाकायचा, तांबं पुन्हा मऊ होतं. ते काम मी स्वतःकडे घेतलं. तेल बदलायच्या दिवशी भाकऱ्या झाल्या की चुलीत ती कडी ठेवायचे. आधी काळी पडायची, मग हळूहळू आतून उजळायला लागायची, आणि लालबुंद झाली की भोवतालचं स्वयंपाकघर मला दिसेनासंच व्हायचं. चिमट्याने पाण्यात सोडली की चर्रर्र आवाज यायचा. मग ती मऊ झालीय का ते नखाने दाबून बघायचे. सासू म्हणायची, "मोटारीलाच जेवन घालते ही." घालत होतेच. त्या मोटारीच्या जोरावर माझा नवरा जमिनीवर होता, असं मी धरून चालले होते.

त्यानंतर मोटार कधी गळली नाही. वाळूतला डाग पावसात धुऊन गेला. आणि नारळी पुनवेनंतर एका सकाळी, मोटार व्यवस्थित चालू असताना, कसली म्हणून तक्रार नसताना, नवरा पडवीत माझ्यापाशी येऊन बसला.

"भावाच्या होडीवर एक मानूस कमी हाय," तो म्हणाला. "तू नको बोललीस तर नाय जानार. तुझ्या आयला शबुद दिलाय."

मला राग आला, इतका की हातातलं सूप मी भिंतीवर आपटलं. इंजिन नीट, तेल नीट, बूच नवं! मी काय कमी केलं होतं? तो बसून राहिला, तसाच, मोटार बंद पडली त्या दिवशी रस्त्याकडेला बसला होता तसा. आणि माझ्या लक्षात आलं की रोज पहाटे मी त्याच्या शेजारी निवांत डुलक्या घ्यायचे तेव्हा तो कुठे बघत असायचा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "आईला मी बघते."

दुपारी होड्या पाण्यात ढकलायला सगळं गाव जमलं. मीही गेले, पदर तोंडाशी धरून, रडायची तयारी ठेवून. तो कमरेइतक्या पाण्यात होता. एक लाट आली, तो आणि त्याचा भाऊ दोघेही कोलमडले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि उठताना तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, एखाद्या पोरासारखा. शेजारची बाई म्हणाली, "लहानपनापासून अस्साच हसतो बग तो."

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. माझा नवरा असा हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.