ताईमावशीनं घर पारखलं

माझी ताईमावशी जन्मभर हळू आवाजात बोलली. चार माणसांदेखत ओरडली ती एकदाच, आणि तेही घराचा सौदा चालू असताना.

१९२८ साल असेल. मावशी आणि तिचा नवरा झुलाल नरडाण्याजवळ शेतातल्या झोपडीत राहत. झुलालकाका कापसाची गाडी घेऊन धुळ्याला जात, ते रात्र-रात्र परतत नसत. अशाच एका खेपेला मावशीचं पहिलं बाळंतपण झालं. शेतात एकटीच होती. बाळ गेलं. काका त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मावशीला तेच जास्त लागलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, नववा महिना लागला होता, म्हणून गावात घर घ्यायचं ठरलं.

घरं दोन होती. एक भर गल्लीत, तीन खणांचं, भिंतीला भिंत लागलेली. पण बैल बांधायला वीतभर जागा नाही. दुसरं लोटननानांचं, गावाच्या टोकाला. घर दोनच खणांचं, पण मागे मोठं वाडगं. बैल, गाडी, कडब्याची गंजी, सगळं मावेल असं. शेजार मात्र एकच, शेवंताबाई नावाच्या म्हातारीचा. पुढे नाला आणि बाभळी.

काकांनी वाडग्यात लांब टांगा टाकत फेऱ्या मारल्या आणि नवरदेवासारखे खुलले. बैल म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

"वाडगं काय मनं बायतपन करी?" मावशी हळूच म्हणाली. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमच्या आजीची शिकवण होती, की घर घेण्याआधी शेजारी विस्तव मागून बघावा. मावशी गोवरीचा तुकडा घेऊन शेवंताबाईच्या दारी गेली. घराच्या धाब्याच्या छपरावर चुलीचा धूर स्पष्ट दिसत होता. म्हातारी दारातूनच म्हणाली, "आज नही, माय," आणि तिनं दार लोटून घेतलं.

मावशी परतली ती पांढरीफटक पडून. "मी आठे ऱ्हावाव नही. शेजारनी इस्तो दिन्हा नही."

लोटननाना हसले. "अवं, तिनी म्हैस काल यायनी. पाच दिन घरमाईन काहीच बाहेर जात नही."

म्हैस व्याली की पाच दिवस घरातून विस्तवही द्यायचा नाही, हे मावशीला सुचायला हवं होतं. तिच्या माहेरीही हीच रीत. पण भ्यालेल्या माणसाला 'नाही' तेवढंच ऐकू येतं. सौद्याला जमलेले बाप्ये हसले आणि काकांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत बायको आडवी जाते म्हणजे काय!

"घरमा जाय," ते दातओठ खात म्हणाले. मावशी आत गेली. नानांनी अडकित्ता काढला. सुपारी फुटली की सौदा पक्का.

अडकित्ता सुपारीला टेकला आणि आतून किंकाळी आली. "धावा वं माय! कोन्ही या वं!"

बाप्ये जागच्या जागी थिजले. कळा आलेल्या बाईच्या खोलीत पुरुष जाणार कसा? काका उठले आणि पुन्हा बसले. दुसरी हाक आली. कुणी हलेना.

तेवढ्यात वाडग्याच्या काटेरी कुंपणातून शेवंताबाई घुसली. वळसा घालून यायलाही ती थांबली नव्हती. लुगडं फाटलेलं, हात शेणानं भरलेले. "पानी तापाडा रे!" म्हणून ओरडत ती आत शिरली.

आत मावशी धडधाकट उभी होती.

"हाक कोन ऐकस, ते दखनं व्हतं," ती म्हणाली.

म्हातारी अशी भडकली म्हणता! मावशीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. नानांना वाटलं, सौदा बुडाला.

मग काका आत गेले. सगळ्यांना वाटलं, आता हात उगारणार. ते खाली वाकले आणि त्यांनी म्हातारीचे पाय धरले.

"तिले बोलू नका, अक्का. मागे बी ती अशीच बोंबलनी. मदतले कोन्हीच उनं नही." मग मावशीकडे बघून म्हणाले, "मी बी नही."

मावशी खाली बसली आणि त्या बाळासाठी पहिल्यांदाच नवऱ्यासमोर मोकळी रडली.