पावडर लावली की एसटी येते

नात पुण्याहून आली ती खोक्यात एक गाडी घेऊन. पोळीच्या डब्याएवढी, चार चाकांची, वर माझ्या अंगठ्याएवढा कॅमेरा. आमचे हे तिला घ्यायला मेडशीच्या स्टॉपवर गेले, तर तिनं कपड्यांची बॅग आजोबांच्या हाती दिली आणि खोकं मात्र लेकरासारखं पोटाशी धरलं.

"हे कायले आनलं व?" मी विचारलं.

"मुंगळ्याईच्या मांगं फिरवाले."

पोरीचं शिक्षणच तसं. मुंगळ्यांत ना कोणी सरपंच, ना कोणी मुकादम, तरी सगळ्यांचा रस्ता एक कसा ठरतो, हे तिला शोधायचं होतं. गाडीनं मुंगळे बघत बघत आपलं आपण शिकायचं आणि ते पुढे कुठे वळणार हे ओळखून आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. काचेच्या पेटीत मुंगळे मोकळे वागेनात, म्हणून आमचं अंगण. पण तिच्या मॅडमनी बजावलं होतं, की यंदा गाडीला जमलं नाही तर मुंगळे बंद, दुसऱ्या कुणाच्या कामात हातभार लाव. हे सांगताना पोरगी हसत होती, पण भाकरीचा घास तोंडातच फिरत होता.

कडुनिंबाखाली तिनं गाडी मांडली आणि मला तंबी दिली, "आजी, इथं झाडू नको, सडा टाकू नको, कायलेच हात लावू नको."

मी नाही लावला.

उजाडलं की गाडी आपोआप जागी व्हायची. नात मात्र ऊन अंगावर आल्याशिवाय उठत नसे. उठली की सकाळच्या चित्रणातली मुंगळ्यांची रांग तेवढी बघायची. आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत गाडी शिकली! मुंगळे बिळातून निघायच्या आधीच त्यांच्या वाटेवर हजर. नात अंगणात नाचली. मी जऊळक्याच्या नणंदेला फोन करून सांगून टाकलं, की आमच्या घरी मुंगळ्यांचं मन ओळखणारं यंत्र आहे.

मग मॅडमना दाखवायचा दिवस आला. मॅडम मोबाइलमध्ये, मोबाइल नातीच्या हातात, मी उंबऱ्यात. मुंगळे रांगेनं कडुनिंबाकडे निघाले. गाडीही निघाली. सरळ माझ्याकडे.

"आजी, बाजूले हो!"

मी झाले. गाडीही झाली. मी गोठ्याकडे गेले, ती मागे. मी पदर खोचून कडुनिंबाला वळसा घातला, तर तिनंही घातला. आमचे हे ओट्यावरून ओरडले, "अवं थांब जराशी, तिले काय पाह्यजे ते तरी इचार!"

मोबाइलमधून हसू ऐकू आलं. नात हसली नाही. ती लॅपटॉप घेऊन खाली बसली.

गाडीचं लक्ष नेमकं कशावर असतं, ते लॅपटॉपवर लाल रंगात दिसतं. तिनं ते उघडलं. मुंगळ्यांवर लाल ठिपकासुद्धा नव्हता. माझ्या रोजच्या पातळाचा हिरवा काठ आणि जोडवी मात्र लालबुंद.

"आजी, तू सकाई सकाई इथं काय करतं?"

"काय करतो म्हन्जे? मुंगळ्याईले पीठ टाकतो. सासूबाई होत्या तवापासून टाकतो."

"मी म्हनलं होतं ना, हात लावू नको!"

"हात कुठं लावला? वरून टाकलं."

मी येते, पीठ पडतं, मुंगळे येतात. काळ्या मुंगळ्यांकडे डोळे ताणून बघण्यापेक्षा हिरवा काठ बघणं गाडीला सोपं गेलं.

मला इतकं हसू आलं की ओटा धरावा लागला. कारण हे शहाणपण माझ्या ओळखीचं होतं. मॅडमना मी तिथेच सांगितलं. नवी नवरी असताना मला माहेरी मंगरूळपीरला जायचं असलं, की सासूबाई नाल्यापलीकडे एसटीचा धुरळा दिसेपर्यंत मला पावडर लावू देत नसत. उन्हात घामानं उतरते म्हणून. मी मान खाली घालून बसलेली, धुरळा मला कुठून दिसणार? मला एवढंच दिसे की पावडर लावली की एसटी येते. एकदा माहेरची फार आठवण आली, तेव्हा भरदुपारी गुपचूप पावडर लावून, गाठोडं घेऊन स्टॉपवर बसले. एसटी येईना. मला वाटलं, कमी पडली असेल. आणखी लावली. शेवटी शेतातून सासरे आले आणि म्हणाले, "पोरी, तोंडाले कनिक कायले लावली?"

मॅडमना ठसका लागला. मग त्या नातीला म्हणाल्या, "आजींची खोड गाडीला लागलीय. ती मोडून दाखव, मग मुंगळ्यांचं बघू."

तेव्हापासून माझी चंगळ झाली. गाडीनं मला ओळखू नये म्हणून रोज वेगळं लुगडं, कधी साडी. कधी मी नुसतीच फिरायची, पीठ आमचे हे टाकायचे. तेही रोज निराळ्या जागी. पेटीच्या तळातलं सगळं बाहेर निघालं. "माह्यापुढं इतकी नटली नाही कधी," असं ह्यांनी ऐकवलंच.

मॅडम पुन्हा मोबाइलमध्ये आल्या त्या सकाळी मी लग्नातला शालू नेसले होते. पावडरही लावली होती. गाडी निघाली, माझ्या पायाजवळून गेली आणि पाण्याच्या टाक्याजवळ, जिथे काहीच नव्हतं, तिथे जाऊन थांबली. थोड्या वेळानं मुंगळ्यांची रांग वळली आणि बरोबर तिथेच आली.

नात किंचाळली. मॅडम म्हणाल्या, "मुंगळे चालू ठेव." पोरीनं माझ्या गळ्यात पडून माझी अर्धी पावडर पुसून नेली.

मी खूश होते, नाही कशाला म्हणू? पण शालू नेसून उभी होते हो. मेल्या गाडीनं जाता जाता एकदा वळून बघितलं असतं, तर काय बिघडलं असतं?