रियालातला लहान आकडा

हिरकणीबाई राऊतांना डहाणूच्या बाजारात कुणी फसवल्याचं ऐकिवात नव्हतं. चिकूचा व्यापारी गोड बोलत भाव उतरवायला लागला की त्या तोंडाने काही न बोलता नुसता पदर खोचायच्या, आणि व्यापारी आपला आपणच आधीच्या भावावर यायचा. त्यांचे यजमान गोविंदराव झाडांचं बघत, आणि माणसांचं व पैशाचं हिरकणीबाई बघत. डहाणूहून बोर्डीकडे जाताना लागणारी त्यांची वाडी अशा वाटणीवर कितीतरी वर्षं सुरळीत चालली होती.

त्या वाडीत एक जुनी रीत होती. झाडावरून काढलेला चिकू मालकाचा, आणि आपणहून खाली पडलेला कामाला आलेल्या बाईचा. संध्याकाळी घरी जाताना बाया पडीचे चिकू पदरात नाहीतर पिशवीत घालून नेत. कुणी किती नेले ते कुणी बघत नसे. हिरकणीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, “पडलेलं मोजायचं नाही आणि दुसऱ्याच्या पिशवीत डोकवायचं नाही. डोकावलं की दोघींचीही लाज जाते.” इतकी वर्षं हिरकणीबाईंनी ते पाळलं होतं.

कामाच्या बायांमध्ये झरी गावची जमना सगळ्यांत जुनी. चिकू निवडण्यात तिचा हात चालेच, पण तिची खरी ओळख वेगळी होती. तान्ह्या बाळाला तेल लावून पायावर न्हाऊ घालावं तर जमनानेच. रडून घर डोक्यावर घेणारं पोर तिच्या पायांवर आलं की आळसावून जांभई देई. हिरकणीबाईंची मुलगी दिशा झाली तेव्हा बाईंना ताप भरला होता. त्या सगळ्या दिवसांत दिशाला पहिल्यांदा न्हाऊ घालण्यापासून धुरी देण्यापर्यंत सारं जमनानेच केलं होतं.

आता ती दिशा नवऱ्याबरोबर मस्कतला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलं. मुलीला माहेरी येता येत नाही म्हटल्यावर माहेरच उठून मस्कतला जायचं ठरलं. जायचं हिरकणीबाईंनी आणि सोबत जमनाने. जमनाचा पासपोर्ट निघाला त्या दिवशी पडवीत चिकू निवडायचे सोडून सगळ्या बाया तो बघत बसल्या.

“जमने, वर गेल्यावर खिडकी उघडू नको हां,” जिजा म्हणाली. “पदर उडाला तर थेट समुद्रात.”

“माझं राहू दे. तेलाची बाटली नेऊ देतात का ते विचार आधी,” जमना म्हणाली. “तिथलं तेल मी हातात घ्यायची नाही.”

तिकिटं काढायचं काम जमनाच्या मुलीकडे, निलमकडे आलं. निलम तलासरीला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वाडीत येई. हिरकणीबाईंना ती लहानपणापासून काकी म्हणे; बाकीच्या बाया बाई म्हणत. दिशाने तिकडची एक साइट सांगितली होती, तिथे तिकीट स्वस्त पडतं म्हणाली होती. निलमने मोबाईलवर ती उघडली, नावं घातली, तारखा घातल्या. हिरकणीबाईंनी चष्मा लावून क्रेडिट कार्डाचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला.

“काकी, इथे विचारतात, पैसे रुपयांत भरायचे की रियालात?”

हिरकणीबाई वाकून बघायला लागल्या. रुपयांचा आकडा लांबलचक होता. रियालाचा छोटासा, बाजारातून भाजी आणावी एवढा.

“तो लहान आहे ना, तोच ठेव.”

झोपाळ्यावर बसलेले गोविंदराव हसले. “अगं, आकडा लहान म्हणजे पैसे कमी नव्हेत.”

“कळतं मला. पण तिकडे जायचं तर तिकडच्याच पैशांत भरलेलं बरं. आणि बघायलाही बरं वाटतं.”

तिकिटं निघाली. निलमला चहा मिळाला, जमनाला विमानातल्या जागेचा नंबर पाठ झाला, आणि सगळं आनंदाने चाललं.

पुढच्या आठवड्यात बँकेचा हिशेब मोबाईलवर आला. तिकिटाची रक्कम हिरकणीबाईंनी ओळखली. पण तिच्या खाली आणखी दोन रकमा होत्या. त्यांच्यापुढे इंग्रजीत काहीतरी तोडकी-मोडकी अक्षरं, ना दुकानाचं नाव ना माणसाचं. दोन्ही मिळून दीड-पावणेदोन हजार. बाईंनी आठवून आठवून पाहिलं, आपण तर कार्ड दुसरीकडे कुठे वापरलेलं नाही.

“बँकेला विचार,” गोविंदराव म्हणाले.

“बँकेला काय विचारायचं? कार्डाचा नंबर मी कुणाला वाचून दाखवला ते मला माहीत आहे.”

“हिरकणी.”

“मी कुठे कुणाचं नाव घेतलं?”

नाव घेतलं नाही हे खरं. पण शनिवारी निलम वाडीत आली ती नव्या चपला घालून, लाल पट्ट्यांच्या. बाईंची नजर दिवसभर त्या चपलांवरून हलली नाही. मनात एकदा किल्मिष आलं की माणसाला सगळीकडे पुरावेच दिसतात. निलम फोनवर कुणाशी हसून बोलली, तेही त्यांना खटकलं. ती त्यांच्याकडे बघून हसली, ते तर फारच खटकलं.

संध्याकाळी बाया निघाल्या. निलमने पिशवी खांद्याला लावली.

“थांब गो,” हिरकणीबाई म्हणाल्या. “पिशवी बघू.”

निलमला वाटलं, दिशासाठी काही पाठवायचं असेल. तिने पिशवी पुढे केली. बाईंनी पिशवीत हात घातला. वर पडीचे चिकू होते, ते त्यांनी काढून फरशीवर ठेवले. खालचं पुस्तक काढलं, त्याची पानं उलटली. डबा उघडला. तळाशी पैशांचं छोटं पाकीट होतं, त्याची चेन ओढली. आत येण्याजाण्यापुरत्या नोटा. आपण काय शोधतो आहोत हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं. कार्डावरून गेलेले पैसे काही पिशवीत सापडत नसतात. पण हात थांबेना.

“चपला कितीच्या गो?” त्यांनी विचारलं.

तेव्हा निलमला कळलं. पडवीतल्या सगळ्यांनाच कळलं.

निलम वाकली. पुस्तक, डबा, पाकीट तिने परत पिशवीत भरलं. चिकू तेवढे फरशीवर राहू दिले. एक घरंगळत उंबऱ्यापाशी गेला होता, तो ओलांडून ती बाहेर पडली. जमना तिच्या मागून गेली. मग जिजाने आपल्या पदरातले चिकू हळूच कोपऱ्यात ठेवले. बाकीच्यांनीही ठेवले. पडीचे चिकू त्या दिवशी कुणीच नेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिशाचा फोन आला. बोलता बोलता हिरकणीबाईंनी त्या दोन रकमांचं सांगितलं.

“आई, ते बँकेनेच घेतलेत,” दिशा म्हणाली. “परदेशी पैशांत भरलं की बँक वर काही टक्के लावते. आणि त्या टक्क्यांवर परत कर. म्हणून दोन ओळी. आमचंही सुरुवातीला असंच झालं होतं. कार्ड घेताना लिहिलेलं असतं गं, कुणी वाचत नाही.”

हिरकणीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आई? तू निलमला काही बोलली नाहीस ना?”

“नाही,” त्या म्हणाल्या. आणि तेही एका अर्थी खरंच होतं, हे लक्षात आल्यावर त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोविंदराव शेजारीच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टाकून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “चहा टाकू का?” एवढंच त्यांनी विचारलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. पिशवीत घातलेला आपला हात त्यांना पुन्हा पुन्हा दिसे. तो सासूबाईंनी पाहिला असता तर?

सोमवारी जमना आली नाही. फोनही उचलेना. मस्कतला जायचा दिवस जवळ येत होता, आणि जमना आली नाही तर दिशाला काय सांगायचं हा धसका होताच; पण बाईंना त्याहून जास्त खुपत होतं ते दुसरंच. मंगळवारी कपाटातलं एक कोरं लुगडं पिशवीत घालून त्या भाड्याच्या इको गाडीने झरीला गेल्या. इतक्या वर्षांत जमनाच्या घरी त्या एकदा गेल्या होत्या, तिच्या लग्नाला.

जमनाने खाट टाकली. कोरा चहा दिला. निलम घरातच होती. दाराकडे पाठ करून भांडी घासत होती. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. हिरकणीबाईंनी बँकेचं सांगितलं, टक्क्यांचं सांगितलं, कराचं सांगितलं. मग “माझं चुकलं गो” म्हणाल्या आणि लुगडं पुढे केलं.

जमनाने ते हातात घेतलं नाही.

“बाई, हे घरी न्या. पाड्यातली माणसं बघतील. म्हणतील, पोरीनं काहीतरी केलं असेल, तोंड गप ठेवायला बाईनं लुगडं दिलं.”

“मग काय करू? तू सांग.”

“मी काय सांगणार? तुम्ही पिशवी उघडलीत पडवीत, सगळ्यांच्या देखत. आणि चुकलं म्हणता इथं, कोंबड्यांच्या देखत.”

हिरकणीबाईंनी लुगडं परत पिशवीत घातलं. चहा निवून गेला होता.

“माझं म्हणाल तर मी येईन,” जमना म्हणाली. “दिशाला मी पायावर घेतली, तिचं पोर मी सोडायची नाही. निलमचं मी नाही सांगत. तिचं ती बघेल.”

आतला भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पडवीत सगळ्या बाया आलेल्या बघून हिरकणीबाई उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांपुढे खोचायच्या तसा पदर त्यांनी खोचला आणि परत सोडला. “परवा ते बँकेचं,” असं करत त्यांनी सुरुवात केली, आणि परदेशी पैसे, टक्के, कर असं कितीतरी बोलत राहिल्या. बाया चिकू निवडत ऐकत होत्या.

“म्हणजे बँकेनं चोरी केली का?” जिजाने विचारलं.

“नाही गो. बँकेनं सांगून घेतले. मी वाचलं नव्हतं.” बाई थांबल्या. आपण अजून बँकेच्याच मागे लपतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. “चोरी कुणीच केली नाही. लहान आकडा मीच ठेवायला लावला. आणि निलमला मी चोर म्हटलं. ते चुकलं माझं.”

“म्हटलं नव्हतं तुम्ही,” जिजा म्हणाली. “पिशवी बघितली होती.”

“तेच ते.”

जमनाने पुढचा चिकू उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि पिकलेल्यांत टाकला. संध्याकाळी मात्र तिने दोन पडीचे चिकू पदरात घेतले. बाई बघताहेत हे पाहून म्हणाली, “तुमच्यासाठी नाही घेत. राहिले तर कुजतील म्हणून घेते.” मग इतर बायांनीही घेतले.

निलम त्यानंतर वाडीत आली नाही. दर शनिवारी हिरकणीबाई फाटकाकडे बघत. जमनाला विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी जमना सामान घेऊन मुक्कामाला आली. तिच्यामागून, पिशवी डोक्यावर घेऊन, निलम. तिच्या पायांत जुन्या, एक पट्टा शिवलेल्या चपला होत्या.

“ये गो, बस,” हिरकणीबाई म्हणाल्या. “लाडू केलेत, खाऊन जा.”

“नको बाई. गाडी जाईल माझी.”

काकीची बाई झाली होती. हिरकणीबाईंनी ते ऐकलं आणि आत जाऊन उगाचच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

सामान काट्यावर चढवलं तर वजन फार झालं. तेलाच्या बाटल्या, खारीक, डिंकाचे लाडू, शेकायची ओव्याची पुरचुंडी. जमना एकही वस्तू काढायला तयार नव्हती. जादा वजनाचे पैसे आधी भरले तर स्वस्त पडतात, असं दिशाने सांगितलं होतं. गोविंदरावांना मोबाईलवरचं ते जमेना. निलम थोडा वेळ बघत राहिली. मग तिने फोन हातात घेतला, तिकिटाचा नंबर घातला, नावं शोधली, वजन भरलं. हिरकणीबाई कार्ड घेऊन आल्या आणि तिच्यापुढे धरलं.

निलमने कार्डाला हात लावला नाही. फोन त्यांच्या हातात परत दिला.

“नंबर तुम्ही घाला, बाई. मी तिकडं बघते.”

ती पडवीतून खाली उतरली आणि चिकूच्या झाडांकडे तोंड करून उभी राहिली. हिरकणीबाईंना म्हणायचं होतं, तूच घाल गो, माझा भरवसा आहे. पण ते शब्द आता त्यांच्या तोंडी शोभणार नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने आकडे दाबायला सुरुवात केली. पहिल्यांदा चुकले. पुन्हा घातले. मग फोनने विचारलं, पैसे रुपयांत की रियालात.

“निलम, काय ठेवू गो?”

“तुमचे पैसे, बाई. तुम्ही ठरवा,” निलम मागे न वळता म्हणाली.

हिरकणीबाईंनी या वेळी रुपयांचा, लांबलचक आकडा निवडला. बँकेकडून ओटीपीचे आकडे यायची वाट बघत त्या फोन धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात झाडावरून एक पिकलेला चिकू निलमच्या पायाशी पडला. पूर्वी तिने तो पडल्या पडल्या उचलून ओढणीला पुसला असता. तिने खाली पाहिलं, पाय जरा बाजूला घेतला, आणि तशीच पाठमोरी उभी राहून विचारलं,

“झालं का, बाई?”