न धुतलेली खडी

निघायच्या दिवशी दुपारी आईने माझी खडी साबणाने धुतली. बॅगेत कपड्यांखाली पिशवीभर मळके दगड बघून तिलाच लाज वाटली. "परक्या देशात अशी धूळ घेऊन जातात काय? लोक काय बोलतील? आता बघ, कशी लख्ख हाय." मी कपाळाला हात लावला. हॉलंडला मी निघाले होते ती त्या धुळीसाठीच.

बाबा पनवेलजवळच्या क्रशरवरून डंपरने कळंबोलीच्या साइटवर खडी पोचवत. दगड फोडताना उडालेली धूळ खडीला चिकटते आणि तशीच सिमेंटमध्ये जाते. आमच्याकडचे स्लॅब एवढे का गळतात, याचा जाब मला त्या धुळीला विचारायचा होता. सिमेंट आणि दगड जिथे भेटतात ती केसाहून बारीक जागा सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, हा माझा पीएचडीचा विषय. विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "अर्धवट सोडून यायचं नाय."

धुतलेली खडी बघून तिथले माझे गाइड सर म्हणाले, विषय बदल, इथले दगड घे. इथले दगड म्हणजे नदीतले गुळगुळीत गोटे. त्या देशात डोंगर औषधालाही सापडत नाही. मी ठाम नाही म्हटलं.

आईला फोन करून न धुतलेली खडी मागवली आणि कशाला हवी ते पहिल्यांदाच नीट सांगितलं.  ती म्हणाली, "म्हंजे तुझं शिक्षणच धुवून टाकलं काय गं मी?" मला रडू आलं. तुलनेला धुतलेलीही लागते, असं परोपरीने सांगितलं, पण तिला ते पटलं नाही. डंपरमध्ये बसून ती स्वतः क्रशरवर गेली. कुरिअरवाल्याला पिशवी हलवूसुद्धा देईना, धूळ झडेल म्हणून.

मग मी स्वतःला कामाला जुंपलं. दोन्ही खडींचं काँक्रीट करायचं, त्याचा नमुना कापायचा, रेझिनच्या घट्ट होणाऱ्या चिकात बसवायचा, आरशासारखा घासायचा. ओरखडा उठला की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर दुपारीच अंधारायचं, जेवायला थंड ब्रेड. तांदळाच्या भाकरीची आठवण आली की राग यायचा, आणि त्या रागात मी आणखी एक नमुना घासायचे. अखेर फोटो निघाले. धुतलेल्या दगडाला सिमेंट घट्ट बिलगलेलं. न धुतलेल्याभोवती धुळीचा थर, आणि चीर बरोबर त्यातूनच गेलेली.  विषय तोच राहिला.

पदवी मिळाली, तिथेच नोकरी लागली. सुट्टीत पनवेलला गेले की मी हॉलंडवाली, इथे मी इंडियाची. पूर्वी दोन्हीचं वाईट वाटायचं.

परवा बाबांचा फोन आला. घरावर मजला चढतोय. स्लॅब भरायचा दिवस, मजूर खोळंबलेत, कंत्राटदार वैतागलाय, कारण आई पाइप घेऊन खडीच्या ढिगावर उभी आहे. न धुता एक घमेलंही मिक्सरमध्ये जाऊ देत नाही. आईला फोन द्या म्हटलं.

"खोली तुझी हाय," पाण्याच्या आवाजात ती ओरडली. "ये, नाय तर नको येऊ. पण गळायची नाय."

मी अजून पाहिलेलीही नाही, तरी आता माझं घर म्हणजे ती खोली. स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या निघायच्या आत पोचते, असं तिला सांगितलं.